यूडीपी १४३४, एमएसडीई २००० आणि 'स्लॅमर': जुन्या एसक्यूएल सर्व्हरमधील बफर ओव्हरफ्लोविषयी प्रश्न

दप्तरदार

सप्रेम नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका पतसंस्थेचे संगणक आणि नेटवर्क सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. नुकतीच संस्थेची सुरक्षा तपासणी झाली आणि तिच्या अहवालातील दोन शेऱ्यांवर मला संचालक मंडळापुढे लेखी खुलासा ठेवायचा आहे.

पहिला शेरा लेखाप्रणालीच्या मुख्य सर्व्हरबद्दल आहे. तेथे एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस नेम्ड इन्स्टन्स (स्वतंत्र नाव दिलेली प्रत) म्हणून बसवलेला असून त्याचा यूडीपी १४३४ हा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरून विचारणा घेणारे दार, इंटरनेटवरून विचारणा केली तरी उत्तर देतो. दुसरा शेरा आम्हाला अगदीच अनपेक्षित होता. कर्मचाऱ्यांच्या हजेरीयंत्राचे सॉफ्टवेअर ज्या जुन्या संगणकावर चालते, त्यावर त्या सॉफ्टवेअरच्याच सीडीतून एमएसडीई २००० बसलेले निघाले आणि त्याची आवृत्ती ८.००.१९४ अशी नोंदवली गेली. त्या संगणकावर डेटाबेस सर्व्हर चालू आहे, याची संस्थेत कोणालाच कल्पना नव्हती. दोन्ही शेऱ्यांपुढे तपासनिसांनी सीव्हीई-२००२-०६४९ हा, ज्ञात सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीतील, एकच क्रमांक लिहिला आहे.

लेखाप्रणाली पुरवणाऱ्या कंपनीचे म्हणणे असे, की १४३४ बंद केल्यास शाखांचे संगणक सर्व्हरला जोडले जाणार नाहीत, आणि सर्व खात्यांचे पासवर्ड पुरेसे अवघड असल्यामुळे पोर्ट उघडा राहिला तरी धोका नाही. हे मला पटत नाही, परंतु ते खोडून काढण्याइतकी माहितीही माझ्यापाशी नाही. म्हणून विचारतो: ही त्रुटी नेमकी कोठे होती, पासवर्ड अवघड असल्याने तिच्यापासून काही बचाव होतो का, आणि २००२ सालची त्रुटी आज आमच्या दोन्ही यंत्रांना खरोखर लागू पडते का? ठेवीदारांचा पैसा ज्या यंत्रावर मोजला जातो, त्याच्याबद्दल मंडळापुढे मोघम उत्तर देण्याची माझी इच्छा नाही. त्यामुळे उत्तर लांबले तरी चालेल, पण ते तपशीलवार असावे ही विनंती.

केतकी_क

दप्तरदार साहेब, आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हा क्रमांक आपल्या दोन यंत्रांपैकी फक्त हजेरीच्या संगणकाला लागू पडतो. ती त्रुटी एसक्यूएल सर्व्हर २००० आणि त्याचीच छोटी आवृत्ती असलेल्या एमएसडीई २००० मधील आहे. २००८ आर२ मध्ये ती नाही. तेथला पोर्ट उघडा असणे हा वेगळा दोष आहे आणि तोही दूर करायलाच हवा, पण खुलाशात दोन्ही गोष्टी एकत्र बांधू नका. ८.००.१९४ हा एसक्यूएल सर्व्हर २००० चा मूळ, एकही सर्व्हिस पॅक (दुरुस्त्यांचा संच) न लावलेला अंक आहे. सर्व्हिस पॅक ३ लावला असता तर तोच अंक ८.००.७६० दिसला असता आणि सर्व्हिस पॅक ४ नंतर ८.००.२०३९. याचा अर्थ त्या संगणकावर ही त्रुटी आजही जशीच्या तशी असल्याचे धरून चालावे लागेल.

आता ती कोठे होती ते पाहू. एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये एकाच यंत्रावर अनेक इन्स्टन्स चालवण्याची सोय आली. मूळचा इन्स्टन्स टीसीपी १४३३ वर ऐकतो हे ठरलेले होते, पण नाव दिलेल्या बाकीच्या इन्स्टन्सना सुरू होताना मिळेल तो पोर्ट घ्यावा लागे. मग जोडणी मागणाऱ्या संगणकाला हा पोर्ट कळायचा कसा? त्यासाठी यूडीपी १४३४ वर चौकशीची एक सेवा ठेवण्यात आली, जिला रिझोल्यूशन सर्व्हिस म्हणत. तिच्याकडे येणाऱ्या पॅकेटचा पहिला बाइट चौकशीचा प्रकार सांगतो. तो २ असेल तर 'तुझ्याकडे असलेल्या सर्व इन्स्टन्सची यादी दे' असा त्याचा अर्थ होतो, आणि तो ४ असेल तर पुढच्या बाइटांत एका विशिष्ट इन्स्टन्सचे नाव असते.

घात झाला तो या ४ क्रमांकाच्या चौकशीत. आलेले नाव घेऊन सर्व्हर विंडोजच्या रजिस्ट्रीतील (सेटिंग्जच्या साठ्यातील) एका नोंदीचा मार्ग तयार करत असे. आधी 'सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर' हा ठरलेला भाग, मग पॅकेटमधून आलेले नाव, आणि शेवटी पुन्हा एक ठरलेला भाग. ही सगळी जुळणी स्टॅकवरील (चालू फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतील) ठरावीक आकाराच्या बफरमध्ये, म्हणजे राखून ठेवलेल्या जागेत, होत असे, आणि बफर ठरावीक असला तरी त्यात लिहिल्या जाणाऱ्या नावाची लांबी कोणी मोजतच नव्हते. इन्स्टन्सचे नाव जास्तीत जास्त १६ अक्षरांचे असावे हा नियम त्याच उत्पादनाचा आहे. म्हणजे १६ पेक्षा लांब नाव आले की पॅकेट फेकून द्यायचे, एवढी एक तुलना त्या जागी असती तर पुढचे काहीच घडले नसते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अधिक खटकते ती हीच गोष्ट: मर्यादा कागदावर ठरलेली होती, पण जेथे परके बाइट आत येतात नेमक्या त्या ओळीवर ती तपासली गेली नाही.

स्टॅकवर बफरच्या पलीकडे, चढत्या पत्त्यांच्या दिशेला, चालू फंक्शन संपल्यावर प्रोसेसरने कोठे परतायचे तो पत्ता जपून ठेवलेला असतो. नाव लांबतच गेले की लिहिणे बफरची हद्द ओलांडते आणि हा परतीचा पत्ता पुसून त्या जागी पॅकेटमधील बाइट येतात. त्यानंतर फंक्शन संपताना प्रोसेसर परततो तो पॅकेट पाठवणाऱ्याने सांगितलेल्या ठिकाणी. आपला कोड स्टॅकवर नेमका कोणत्या पत्त्याला जाऊन बसेल हे हल्लेखोराला आधी कळत नाही, म्हणून त्याने थेट तो पत्ता न देता एसक्यूएलसॉर्ट या डीएलएलमधील (सर्व्हरबरोबर मेमरीत चढणाऱ्या कोडच्या फाइलमधील) एका तयार सूचनेचा पत्ता दिला. 'स्टॅकचा निर्देशक आता जेथे आहे तेथे उडी मार' अशी ती सूचना होती, आणि परतीच्या क्षणी तो निर्देशक बरोबर त्या पत्त्याच्या पुढील बाइटांवर, म्हणजे हल्लेखोराच्या कोडवर, येऊन ठेपलेला असे. त्या काळी डीएलएल दर वेळी मेमरीत एकाच जागी चढत असल्यामुळे हाच पत्ता जगभरातील यंत्रांवर चालला.

पासवर्डबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. पासवर्ड विचारला जातो तो जोडणी झाल्यानंतर, आणि ही चौकशी जोडणीच्या आधीची आहे. कोणता पोर्ट घ्यायचा एवढेच विचारणाऱ्या पाहुण्याला सर्व्हर नाव-गाव विचारत नव्हता, आणि नुकसान त्या विचारण्यातच होऊन जात होते. या त्रुटीतून पसरला तो 'स्लॅमर' हा वर्म, म्हणजे स्वतःच्या प्रती पाठवत पसरणारा कार्यक्रम. आपल्या पुरवठादाराचा युक्तिवाद दुसऱ्या एका वर्मला लागू पडला असता. मे २००२ मध्ये पसरलेला 'स्पायडा' टीसीपी १४३३ वर येऊन प्रशासकाच्या 'एसए' खात्याचा पासवर्ड रिकामा सोडलेला आहे का हे पाहत असे. तेथे अवघड पासवर्ड हा पुरेसा उपाय होता. येथे त्याचा काहीच संबंध नाही.

जुनाजाणता

केतकीताईंनी यंत्रणा उत्तम समजावली आहे. मी त्या त्रुटीचा पुढे काय परिणाम झाला ते लिहितो, कारण मंडळापुढे खुलासा ठेवताना तेही उपयोगी पडेल.

ही त्रुटी ब्रिटनमधील एनजीएस सॉफ्टवेअर या संस्थेच्या डेव्हिड लिचफील्ड यांनी शोधली आणि मायक्रोसॉफ्टला कळवली. २४ जुलै २००२ रोजी मायक्रोसॉफ्टने एमएस०२-०३९ या सूचनापत्रासोबत तिचा पॅच (दुरुस्ती) दिला. त्याच उन्हाळ्यात लिचफील्ड यांनी ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत ती कशी वापरता येते हे प्रात्यक्षिकासह दाखवले. त्यानंतर सुमारे सहा महिने काही घडले नाही. मग २५ जानेवारी २००३ रोजी, जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे साडेपाचच्या सुमारास, 'एसक्यूएल स्लॅमर' हा वर्म बाहेर पडला. 'सॅफायर' या नावानेही तो ओळखला जातो. आपल्याकडे तेव्हा शनिवारी सकाळचे अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन असल्याने अनेक कचेऱ्यांत मोजकीच माणसे होती. मी त्या वेळी पुण्यातील एका संस्थेच्या नेटवर्क विभागात होतो. बाहेर जाणारी लाइन पूर्ण भरलेली आणि एकाही सर्व्हरवर संशयास्पद फाइल नाही, हा प्रकार आम्हाला प्रथम उमगेचना.

फाइल नव्हती याचे कारण या वर्मला फाइलची गरजच नव्हती. संपूर्ण वर्म ३७६ बाइटांचा होता. आयपी आणि यूडीपीची शीर्षके धरून पॅकेट ४०४ बाइटांचे होई. ते एकच पॅकेट बफर ओलांडून मेमरीत शिरे, यंत्राच्या घड्याळावरून एक आकडा घेऊन यादृच्छिक आयपी पत्ते तयार करी आणि प्रत्येक पत्त्याला स्वतःची प्रत पाठवत राही. याहून अधिक काही त्यात नव्हते. त्याने डेटा पुसला नाही की चोरलाही नाही. यंत्र पुन्हा सुरू केले की तो मेमरीतून नाहीसा होई, मात्र पॅच लावलेला नसेल तर बाहेरून पुन्हा पॅकेट येऊन धडके.

त्याचा वेग पाहण्यासारखा आहे. २००१ मधील 'कोड रेड' टीसीपीवर पसरला होता. प्रत्येक नव्या यंत्राशी आधी जोडणी करायची आणि त्याच्या उत्तराची वाट पाहायची, त्यामुळे त्याच्या ताब्यातील यंत्रे दुप्पट व्हायला सुमारे ३७ मिनिटे लागत. यूडीपीत वाट पाहण्याचा प्रश्नच नसतो. पॅकेट सोडायचे आणि पुढच्या पत्त्याकडे वळायचे. १०० मेगाबिटच्या लाइनवर ४०४ बाइटांची पॅकेटे सेकंदाला तीस हजारांच्या घरात बसतात. प्रत्यक्षात एका यंत्राकडून सेकंदाला २६,००० पर्यंत पॅकेटे निघाल्याची नोंद झाली. डेव्हिड मूर, व्हर्न पॅक्सन, स्टीफन सॅव्हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर केलेल्या अभ्यासानुसार सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांना बाधित यंत्रांची संख्या दुप्पट होत होती. तीन मिनिटांच्या आसपास जगभरातील एकूण मारा सेकंदाला साडेपाच कोटी पॅकेटांवर गेला, आणि ज्या यंत्रांत ही त्रुटी होती त्यांपैकी नव्वद टक्के यंत्रे दहा मिनिटांत त्याच्या कह्यात गेली. बाधित यंत्रांची संख्या किमान ७५,००० मानली जाते. एवढ्या वेळात माणूस फोन उचलून कोणाला कळवूही शकत नाही.

नुकसान झाले ते लाइन तुंबल्यामुळे. दक्षिण कोरियात देशभरातील इंटरनेट काही तास ठप्प झाले. बँक ऑफ अमेरिकाच्या १३,००० एटीएमपैकी बहुसंख्य यंत्रे काही काळ ग्राहकांना पैसे देऊ शकली नाहीत. सिॲटलजवळच्या बेलव्ह्यू येथे आपत्कालीन ९११ च्या केंद्रातील कर्मचाऱ्यांना आलेले फोन कागदावर टिपून घ्यावे लागले.

ओहायो राज्यातील डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्राचे उदाहरण मात्र मंडळाला अवश्य सांगा. तेथील कंपनीच्या फायरवॉलमध्ये हा पोर्ट बंद केलेला होता. तरीही वर्म आत आला, कारण एका कंत्राटदाराच्या नेटवर्कपासून कंपनीच्या नेटवर्कपर्यंत एक टी-१ लाइन टाकलेली होती आणि ती फायरवॉलला वळसा घालून थेट आत उतरत होती. आत ज्या सर्व्हरवर पॅच नव्हता तो त्याला सापडला आणि रहदारी इतकी वाढली, की अणुभट्टीच्या सुरक्षेची मोजमापे दाखवणारा फलक जवळजवळ पाच तास बंद पडला. सुदैवाने भट्टी त्या काळात आधीपासूनच बंद होती. 'आमच्याकडे फायरवॉल आहे' हे उत्तर ऐकले की मी नेहमी या लाइनची आठवण करून देतो. पतसंस्थेच्या बाबतीत तिच्या जागी पुरवठादाराला दुरून देखभाल करता यावी म्हणून दिलेली जोडणी असू शकते. ती तपासून घ्या.

पॅच सहा महिने उपलब्ध असूनही ज्यांनी लावला नाही, त्यांच्या निष्काळजीपणाची ही किंमत होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

पायवाट

जुनाजाणता यांनी दिलेल्या घटनाक्रमाबद्दल दुमत नाही, परंतु शेवटच्या वाक्याशी मी सहमत होऊ शकत नाही. सारी जबाबदारी प्रशासकांवर टाकणे त्या काळच्या परिस्थितीला धरून होणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे जुलै २००२ चा तो पॅच लावणे आजच्यासारखे एका क्लिकचे काम नव्हते. सर्व्हर थांबवायचा, जुनी फाइल बाजूला ठेवायची, नवी फाइल योग्य फोल्डरमध्ये स्वतः नेऊन ठेवायची, आणि यंत्रावर जितके इन्स्टन्स असतील तितक्यांदा हेच पुन्हा करायचे. ज्या सर्व्हिस पॅक ३ मध्ये ही दुरुस्ती सोयीने मिळाली, तो १७ जानेवारी २००३ ला आला, म्हणजे वर्मच्या अवघे आठ दिवस आधी. चालू डेटाबेसवर नवा सर्व्हिस पॅक आठवड्याच्या आत, चाचणी न घेता लावण्याचा सल्ला कोणताही जबाबदार प्रशासक देणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नेटवर्कमधील यंत्रांनाही या वर्मचा फटका बसला होता, हे लक्षात घेतले तर प्रश्न केवळ कोणाच्या आळसाचा नव्हता हे दिसून येईल.

दुसरी आणि माझ्या मते अधिक मोलाची गोष्ट दप्तरदार यांच्या हजेरीच्या संगणकातच आहे. एमएसडीई हे डेटाबेस इंजिन इतर सॉफ्टवेअरबरोबर निमूटपणे बसत असे. व्हिज्युअल स्टुडिओ डॉट नेटसारख्या विकासकांच्या साधनांबरोबर ते येई, आणि अनेक कंपन्यांच्या तयार उत्पादनांच्या पोटातही असे. ज्याच्या टेबलावरच्या संगणकात ते होते, त्याला आपण डेटाबेस सर्व्हर चालवत आहोत हे ठाऊक नव्हते. मग सूचनापत्र वाचले तरी ते आपल्यासाठी आहे हे त्याला कळणार कसे? आपल्याकडे नाहीच असे वाटणाऱ्या वस्तूचा पॅच कोणी शोधत नाही. निष्काळजीपणा असेलच तर तो आधी त्या मांडणीचा होता, ज्यात एकाच यंत्रापुरता वापरायचा डेटाबेससुद्धा बसल्या क्षणापासून साऱ्या नेटवर्कसाठी कान उघडे ठेवून असे. पुढे एसक्यूएल सर्व्हर २००५ मध्ये ही चौकशीची सेवा मुख्य इंजिनापासून तोडून 'एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर' या नावाने वेगळी काढण्यात आली आणि नको असेल तर ती बंद ठेवण्याची सोय झाली. ही खरी सुधारणा होती, कारण तिच्यात उद्या नवी त्रुटी सापडली तरी ती मूळ इंजिनाच्या अधिकारांनिशी चालणार नाही.

लिचफील्ड यांनी प्रात्यक्षिकाचा कोड जाहीर करायला हवा होता का, यावरही तेव्हा बरीच चर्चा झाली. वर्मच्या कर्त्याने त्यांच्या नमुन्याचा आधार घेतलेला दिसत होता आणि त्यांनी स्वतःही यापुढे असा कोड द्यावा का याचा फेरविचार करत असल्याचे लिहिले होते. माझ्या मते त्रुटी जाहीर करणे आवश्यकच असते. चालता कोड लगोलग देणे आवश्यक नसते.

दप्तरदार

सर्वांचे मनापासून आभार. पुरवठादाराला पासवर्डबद्दलचे उत्तर लेखी कळवले आहे. आता त्याने नवा मुद्दा काढला आहे, की बफर ओव्हरफ्लो ही जुन्या काळातील गोष्ट असून आजच्या विंडोजमध्ये आणि आजच्या डेटाबेसमध्ये असे घडूच शकत नाही. यात कितपत तथ्य आहे? आणि १४३४ बंद करून शाखांची जोडणी चालू ठेवण्याचा मार्ग कोणता?

केतकी_क

तथ्य थोडे आहे, पण 'घडूच शकत नाही' हे साफ चूक आहे.

स्लॅमरने वापरलेली नेमकी युक्ती आज सहज चालत नाही हे खरे. कंपायलर आता परतीच्या पत्त्याच्या अलीकडे एक गुप्त आकडा ठेवतात आणि फंक्शन संपण्यापूर्वी तो बदललेला आढळला तर कार्यक्रम तेथेच थांबवतात. विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून, म्हणजे २००४ पासून, स्टॅकवरील बाइट कोड म्हणून चालवण्यास मनाई करण्याची सोय आली. व्हिस्टापासून डीएलएल मेमरीत वेगवेगळ्या जागी चढू लागल्या, त्यामुळे आधी ठरवून ठेवलेला पत्ता उपयोगी पडत नाही. परंतु हे सगळे हल्ला अवघड करणारे उपाय आहेत. मूळ चूक, म्हणजे आलेल्या मजकुराची लांबी न मोजता तो बफरमध्ये लिहिणे, त्यांनी नाहीशी होत नाही. शिवाय गुप्त आकड्याने हल्ला पकडला तरी सर्व्हर बंद पडतोच, आणि ऐन व्यवहाराच्या वेळी लेखाप्रणाली बंद पडणे हेही संस्थेचे नुकसानच आहे.

अलीकडचे उदाहरण हवे असेल तर पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचे पाहा. काळजीपूर्वक लिहिलेला म्हणून तो प्रकल्प नावाजलेला आहे. तरी २० जून २०१९ रोजी त्यांना १०.९ आणि ११.४ या आवृत्त्या काढून सीव्हीई-२०१९-१०१६४ ही स्टॅकवरील बफर ओव्हरफ्लोची त्रुटी दुरुस्त करावी लागली. ती पासवर्ड साठवण्याच्या स्क्रॅम पद्धतीच्या कोडमध्ये होती. वापरकर्ता स्वतःचा पासवर्ड बदलताना साध्या शब्दाऐवजी आधीच सांकेतिक रूप दिलेला मजकूर देऊ शकतो. तो उलगडून ठरावीक आकाराच्या जागेत लिहिताना त्याची लांबी पुरेशी तपासली जात नव्हती. मुद्दाम रचलेला मजकूर दिला की बफर ओलांडला जाई आणि सर्व्हर ज्या खात्याखाली चालतो त्या खात्याचे अधिकार हल्लेखोराला मिळण्याची शक्यता होती. एसक्यूएल सर्व्हर २००० मधील ती त्रुटी जाहीर झाल्यानंतर सतरा वर्षांनी, वेगळ्या प्रकल्पात, तीच चूक.

दोन्हींतला फरक मात्र नीट पाहावा. पोस्टग्रेएसक्यूएलच्या त्रुटीसाठी आधी वैध खाते लागत होते, आणि तो सर्व्हर प्रशासकाच्या, म्हणजे रूटच्या, खात्याखाली सुरूच होत नाही. स्लॅमरच्या वेळी खाते लागत नव्हते आणि अनेक ठिकाणी एसक्यूएल सर्व्हर यंत्राच्या सर्वोच्च अधिकारांनिशी चालत असे. चूक एकाच जातीची असली तरी तिचा आवाका या दोन गोष्टींवर ठरतो, आणि त्या दोन्ही आपल्या हातात आहेत. आपला २००८ आर२ कोणत्या खात्याखाली चालतो ते आजच पाहून घ्या. ते खाते लोकल सिस्टिम (यंत्राचे सर्वोच्च अधिकार असलेले खाते) असेल तर बदला.

आता पोर्टचे. पुरवठादार म्हणतो तशी अडचण फक्त तेव्हाच येते, जेव्हा शाखेचा संगणक इन्स्टन्सच्या नावाने जोडणी मागतो आणि पोर्ट कोणता हे त्याला १४३४ वर विचारावे लागते. मुख्य सर्व्हरवर एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा, त्या इन्स्टन्सच्या टीसीपी-आयपी गुणधर्मांत सर्व पत्त्यांसाठीच्या भागात बदलत्या पोर्टची जागा रिकामी करा आणि एक ठरलेला पोर्ट लिहा. इन्स्टन्स पुन्हा सुरू केला की तो कायम त्याच पोर्टवर ऐकेल. शाखांच्या जोडणीच्या ओळीत इन्स्टन्सच्या नावाऐवजी सर्व्हरचे नाव, मग स्वल्पविराम आणि मग तो पोर्ट असे लिहिले, की चौकशीची गरज उरत नाही. त्यानंतर ब्राउझर सेवा थांबवा आणि यंत्र सुरू होताना ती आपोआप सुरू होणार नाही असे ठरवून टाका. ठरवलेला टीसीपी पोर्टही इंटरनेटला उघडा ठेवू नका. शाखांची ये-जा व्हीपीएनमधून (सुरक्षित खासगी जोडणीतून) व्हायला हवी.

पोर्ट उघडा राहण्यात त्रुटी नसतानाही एक धोका आहे, तोही खुलाशात लिहा. यूडीपीत पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. कोणी तिसऱ्याच संस्थेचा पत्ता घालून आपल्या १४३४ ला एका बाइटाची चौकशी पाठवली, तर त्याहून कितीतरी मोठे उत्तर आपला सर्व्हर त्या तिसऱ्या संस्थेवर फेकतो. असे हजारो सर्व्हर वापरून कोणाचीही लाइन तुंबवता येते, आणि अशा हल्ल्यांसाठी ही सेवा प्रत्यक्षात वापरली गेली आहे.

जुनाजाणता

पायवाट यांचा मुद्दा मला मान्य आहे. आपल्या यंत्रात एमएसडीई आहे हेच ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांना दोष देता येणार नाही.

हजेरीच्या संगणकाबद्दल थोडे सांगतो. एसक्यूएल सर्व्हर २००० चा विस्तारित आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याची मुदत, ९ एप्रिल २०१३ रोजी संपला, त्यामुळे सर्व्हिस पॅक ४ लावून तो वापरत राहणे हा मार्ग मी सुचवणार नाही. स्लॅमरची पॅकेटे त्यानंतरही अनेक वर्षे इंटरनेटवर फिरताना दिसत राहिली आहेत. २०१६ च्या अखेरीस त्यांचे प्रमाण पुन्हा वाढल्याचेही नोंदले गेले होते. तो संगणक आजच नेटवर्कपासून तोडा, हजेरीच्या नोंदी फाइलमध्ये उतरवून घ्या आणि पुरवठादाराकडे नव्या आवृत्तीची लेखी मागणी करा. नवी आवृत्ती येईपर्यंत हजेरी वहीत घेतली तरी संस्थेचे काही अडणार नाही. आणि हो, २००८ आर२ चा आधारही ९ जुलै २०१९ रोजी संपलेला आहे. हे शेऱ्यात नसले तरी आपण होऊन मंडळाला सांगावे, कारण पुढच्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद लागणार आहे.

पायवाट

एक शेवटची, पण प्रत्यक्ष कामाची सूचना. पोर्ट बंद केल्यावर तो बंद झाला का हे बाहेरून तपासताना यूडीपीच्या बाबतीत फसगत होऊ शकते. टीसीपीसारखे स्पष्ट उत्तर येथे मिळेलच असे नाही. एनमॅपसारखे साधन उत्तर न आल्यास 'उघडा किंवा अडवलेला' असा दुहेरी निकाल देते, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून तपासणी दोन्हीकडून करा. बाहेरच्या एखाद्या जोडणीवरून १४३४ ला विचारणा करून इन्स्टन्सची यादी परत येत नाही याची खात्री करा, आणि सर्व्हरवर नेटस्टॅटची आज्ञा देऊन यूडीपी १४३४ वर ऐकणारी कोणतीही प्रक्रिया उरलेली नाही हे पाहा. तीच आज्ञा संस्थेतील बाकीच्या प्रत्येक संगणकावर चालवा, कारण हजेरीच्या सीडीतून जे आले ते दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरच्या सीडीतूनही आलेले असू शकते. दोन्ही तपासण्यांचे निकाल तारखेसह खुलाशाला जोडले, तर तपासनिसांना शेरा निकाली काढण्यासाठी आणखी काही मागावे लागणार नाही.